सेवणच्या गवतात

जैसलमेरच्या पश्चिमेला माणसं गावात कमी आणि ढाण्यांवर जास्त राहतात. चार-दोन गोल झोपड्या, भोवती वाळक्या बोरकाटीचं कुंपण, पावसाचं पाणी साठवायचं टांकं आणि शेळ्यामेंढ्या, एवढ्यात एक घर पुरं होतं. थंडीत मी अशाच एका ढाणीवर मुक्कामाला असते. तिथे बघण्यासारखं काय आहे, असं पुण्यात लोक विचारतात. सकाळ आहे, असं मी सांगते.

रात्री वारा पडला असेल तर उजाडताना वाळूवर सगळं उमटलेलं असतं. कोल्ह्याची पावलं एका सरळ ओळीत, कुठेही न रेंगाळलेली. फुरसं गेलं असेल तर तिरक्या, एकमेकींपासून सुटलेल्या रेघा. वाळूच्या पोटातून पोहत जाणाऱ्या एका चिमुकल्या सरड्याची वर आलेली नागमोडी वरंबी. घरच्या काकीसा शेळ्या सोडायला निघतात तेव्हा ओढणी सावरत या सगळ्यावरून नजर फिरवतात. पावलाची कड अजून धारदार आहे की ढासळली आहे, एवढ्यावरून ते जनावर मध्यरात्री गेलं की आत्ता, हे त्यांना कळतं. मी वही काढून तारीख, जागा, दिशा लिहून घेते. त्यांना लिहावं लागत नाही.

मग चहा, बाजरीचा रोटला, ताक. भांडी वाळूने घासायची आणि थेंबभर पाण्याने विसळायची. ते विसळलेलं पाणीही शेळीपुढे जातं. इथे वर्षाकाठी दोनशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो, लोणावळ्यात एखाद्या मुसळधार दिवसात पडतो तेवढा. तरीही लोक पिढ्यानपिढ्या नांदले, कारण पाणी कुठे थांबतं हे त्यांना ठाऊक आहे. आभाळातून आलेलं ते पालर पाणी आणि खोल विहिरीतलं ते पाताळ पाणी. खालचं पाणी बहुतेक ठिकाणी खारं. पण या दोहोंच्या मध्ये तिसरं असतं, रेजाणी पाणी. वाळूखाली काही ठिकाणी जिप्समचा थर आहे. मुरलेला पाऊस त्या थरावर अडतो, खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही आणि वाळूत ओल होऊन टिकतो. तिथे अरुंद तोंडाची बेरी खणली की ती ओल रात्रभर पाझरते आणि सकाळी बादली-दोन बादल्या गोडं पाणी हाती लागतं. या थराइतकं विलक्षण या मुलखात मला काही वाटत नाही.

ऊन वर आलं की मी पीलूच्या झाडाखाली बसते. वाळवंटात चालून फारसं दिसत नाही, बसल्यावर दिसतं. पहिला अर्धा तास कोणीच नसतं. मग बिळाबिळांतून वाळवंटी उंदीर डोकं काढतात, मागच्या पायांवर उभे राहतात आणि माझा निकाल लावून दाणे वेचायला लागतात. चिंकारा उठते तेव्हा लक्षात येतं की ती मघापासून समोरच बसून होती. सांडा हा सरडा थंडीत बिळाचं तोंड वाळूने बुजवून निजलेला असतो, तो होळीच्या सुमारास उन्हाला येईल.

तलावावर पखुर्ड्या येतात. सूर्य उगवून दोनेक तास झाले की आधी आवाज येतो, मग थवा. घाईघाईने दोन-चार घोट, आणि परत भरारी. एका चैत्रात मात्र एक नर पाण्याच्या काठाशी पोट टेकवून बराच वेळ हलत राहिला होता. पखुर्डीच्या नराची पोटावरची पिसं पाणी धरून ठेवतात. ती भिजवून तो कोसच्या कोस उडत पिल्लांकडे जातो आणि पिल्लं त्या पिसांतून पाणी चोखतात. तो उडाला तेव्हा मी दुर्बिणीतून त्याच्यामागे जाता येईल तितकी गेले. अशा वेळी काही सुचत नाही, छाती भरून येते.

आणि गोडावण. आपला माळढोक. सोलापूरजवळच्या नान्नजला त्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं, पण आता तिथे त्याचं दर्शन अतिशय दुर्मिळ झालं आहे. म्हणून इथे सेवणच्या गवतात मान उंच ठेवून, एकेक पाऊल मोजून टाकणारा तो मोठा पक्षी दूरवर दिसला की मला माहेरचं माणूस परगावी भेटल्यासारखं होतं. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. जगात उरलेल्या माळढोकांपैकी बहुतेक याच जिल्ह्यात आहेत.

त्यांच्या आभाळात आता विजेच्या तारा आहेत. सौर आणि पवनऊर्जेची वीज वाहून नेणाऱ्या. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. खालची जमीन त्याला छान दिसते, थेट समोरचं फार कमी. अंग जड, त्यामुळे तार दिसली तरी वेळेत वळता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये या अधिवासातल्या तारा शक्य तिथे जमिनीखालून न्यायला सांगितलं. मार्च २०२४ मध्ये तो सरसकट आदेश मागे घेऊन तज्ज्ञांची समिती नेमली. स्वच्छ वीज मलाही हवी आहे. पण तारेखाली पडलेल्या एका माळढोकाबरोबर पुढच्या कितीतरी वर्षांची अंडी जातात, आणि हा हिशेब कुठल्याच प्रकल्पाच्या खर्चात मांडलेला मला दिसत नाही.

ढाणीपलीकडे देवीचं ओरण आहे. आपल्याकडच्या देवराईसारखंच, देवाच्या नावाने राखलेलं रान. खेजडी, बोर, केर, मधोमध तलाव. तिथे कुऱ्हाड चालत नाही, वाळलेलं लाकूडही कोणी घरी नेत नाही. गुरं चरतात, गिधाडं उतरतात. मात्र अशी कितीतरी ओरणं महसुली दप्तरात ओरण म्हणून नोंदलेलीच नाहीत. कागदावर ती नुसती सरकारी पडीक जमीन आहे, आणि पडीक जमीन प्रकल्पाला देता येते.

म्हणून या थंडीत आसपासच्या ढाण्यांवरचे लोक ओरणाची हद्द पायी फिरून खुणा करणार आहेत आणि नोंदणीसाठी अर्ज देणार आहेत. अर्जासोबत तिथे काय काय राहतं याची यादी लावायची आहे. कोल्हीचं बीळ कोणत्या केराखाली, पखुर्ड्या तलावाच्या कोणत्या काठाला उतरतात, गोडावण शेवटचा कुठे आणि कोणत्या तारखेला दिसला, हे सगळं माझ्या वह्यांत आहे. काकीसांनी निरोप धाडला आहे, येताना जुन्या वह्याही आण.