पांडवांची एक रात्र आणि पाथरवटांचे हात

१/ जुन्नरच्या पश्चिमेस, कुकडीच्या उगमाजवळ पूर या गावी कुकडेश्वराचे दगडी मंदिर उभे आहे. असे शिवालय दिसले की ‘पांडवांनी एका रात्रीत बांधले’ हे उत्तर आपल्याकडे ठरलेले असते. अलीकडे पांडवांच्या जागी परग्रहवासी आले, इतकाच फरक. मग हे दगड खरोखर हलवले कसे?

२/ आधी थोडे मागे जाऊ. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी धरून जुन्नरभोवती २०० हून अधिक लेणी आहेत. सुमारे २००० वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरांनी शिळा उचलण्याचा प्रश्नच टाळला. डोंगर जागीच ठेवला आणि नको तेवढा दगड छिन्नीने काढून टाकला.

३/ मंदिराचे काम याच्या उलट. दगड फोडायचा, आणायचा आणि चढवायचा. कुकडी-घोड खोऱ्यातला काळा बेसाल्ट घनमीटरला सुमारे २.९ टन भरतो. १ मीटर लांब, अर्धा मीटर रुंद व तेवढाच उंच चिरा म्हणजे जवळजवळ ७०० किलो.

४/ युक्ती अशी की तो एकदम उचलायचाच नाही. एक कड उचलताना निम्मेच वजन, म्हणजे ३५० किलो, पेलावे लागते. पहारीचा हाताकडचा भाग दगडाकडच्या भागाच्या पाचपट राहील असा टेकू दिला, तर ७० किलोंचा भार पुरतो. एका माणसाचे वजन! कडेखाली कपच्या सारायच्या, मग दुसरी कड. जोडीला मातीचा उतार, दोर आणि ओंडके.

५/ चुन्याविना रचलेले हे चिरे परस्परांच्या भारानेच स्थिर राहतात. छताच्या चौकोनाचे कोपरे तिरप्या शिळांनी झाकत गेले की पोकळी थराथराने आक्रसते. शेवटी एकच शिळा पुरते. म्हणूनच सांध्यात शिरलेले पिंपळाचे मूळ घातक ठरते: ते चिरा सरकवते आणि भाराची वाटच बदलते.

६/ या शैलीला नाव मिळाले ते १३व्या शतकातील यादवांचा मंत्री हेमाडपंत याचे; शैली मात्र त्याच्याही आधीची. जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेख व्यापारी, श्रेणी, यवन अशा दात्यांची नावे जपतात. घाम गाळणाऱ्यांची आठवण उरली ती पाथरवट, गाडीवडार अशा समाजनामांत. सगळे श्रेय पांडवांना दिले की तीही पुसली जाते.

७/ कुकडेश्वराला गेल्यावर मूर्तींइतकेच चिऱ्यांचे सांधेही निरखून पाहावेत. ते कोणा माणसाने, दगड पुन्हा पुन्हा घासून, जुळवलेले आहेत.