जेफ लॅसीला सोडून जातो तेव्हा

‘लॅसी’ या जुन्या अमेरिकी मालिकेचे चाहते एका भागावर आले की हमखास भांडतात. हा १९५७चा ‘ट्रान्झिशन’ नावाचा भाग. घरातले आजोबा वारलेत. विधवा सून एलन आणि तिचा मुलगा जेफ यांना आता शेत झेपत नाही. ते मार्टिन नावाच्या जोडप्याला विकून मायलेक शहराकडे निघतात आणि जेफ आपली कुत्री लॅसी टिमी या धाकट्या, अनाथ पोराच्या हवाली करतो.

काही जणांना हे अजून सहन होत नाही. तीन वर्षं जिने या मुलावर जीव टाकला, तिला अर्ध्या तासात देऊन मोकळं व्हायचं? बाकीचे विचारतात, शेतावर वाढलेल्या कोलीने शहरात करायचं काय? मी बरीच वर्षं पहिल्या गटात होते, आणि जरा तावातावानेच. जेफवर माझा राग नव्हता, तो होता पडद्यामागच्या हिशेबावर. जेफ झालेला टॉमी रेटिग सोळा वर्षांचा होत आला होता, त्याला करारातून मोकळं व्हायचं होतं. जॉन प्रोव्होस्ट हा सात वर्षांचा गोड टिमी त्याच हंगामाच्या सुरुवातीला घरात आणून ठेवलेला होता. म्हणजे पोरगा बदलायचं आधी ठरलं, डोळ्यांतलं पाणी मागाहून आलं, असं माझं म्हणणं.

आजोबांचं काम करणारे जॉर्ज क्लीव्हलंड त्याच वर्षी जुलैत वारले, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. मालिकेला तो मृत्यू कथेत घ्यावा लागला. भाग पुन्हा पाहताना माझं लक्ष कुत्र्यावरून उडालं आणि एलनकडे गेलं. राबणारा एक माणूस कमी झाला की शेत चालत नाही, ही साधी गोष्ट रविवारी संध्याकाळी, सूप विकणाऱ्या कंपनीच्या पैशावर चालणाऱ्या मुलांच्या मालिकेत सरळ सांगितली आहे. एरवी इथलं प्रत्येक संकट लॅसीच्या आवाक्यातलं असतं. कुणी खाणीत अडकतं, कुणी हरवतं, ती धावत येऊन भुंकते, माणसं तिच्या मागे जातात. या भागात भुंकून बोलवावं असं कुणी उरलेलंच नाही. चोर नाही, दुष्ट सावकार नाही, मार्टिन मंडळीही भली आहेत. ज्याच्यापुढे लॅसीचं काही चालत नाही असं संकट या मालिकेने इतक्या सरळपणे क्वचितच दाखवलं असेल. ते नटाच्या करारामुळे सुचलं की दुसऱ्या कशामुळे, याचा मला आता फरक पडत नाही.

कोकणात घर बंद करून मुंबईला गेलेल्यांच्या मागे कुत्रं कुणाकडे राहिलं हे आपण सहसा विचारत नाही. जेफने निदान स्वतःच्या हाताने ते सोपवलं.

लॅसीच्या निष्ठेचं काय, असं विचारणाऱ्यांसाठी एक गंमत सांगते. पडद्यावरची ‘ती’ प्रत्यक्षात कायम ‘तो’च होता. नरांचा केसाळ कोट उन्हाळ्यात तितका विरळ होत नाही, म्हणून. लॅसीवरच्या १९४३च्या चित्रपटातल्या ‘पाल’ या कुत्र्याचा मुलगा त्या काळात लॅसी होत असे आणि त्याचा खरा मालक कॅमेऱ्याआड उभा असे, प्रशिक्षक रड वेदरवॅक्स. जेफचं मिलर कुटुंब गेलं, मार्टिन आले, वर्षभरात टिमीच्या या नव्या आईबापांचे नटही बदलले. क्लोरिस लीचमनच्या जागी जून लॉकहार्ट आल्या आणि कथेत त्याचा चकार शब्द नाही. वेदरवॅक्स मात्र तिथेच होते. आई बदलली तर चालतं आणि पोरगा बदलला तर भांडण, याचं मला अजून हसू येतं.

तरी या भागाची घाई मला खटकतेच. निरोपाला आणखी थोडा वेळ द्यायला हवा होता. आणि १९६४ साली हीच युक्ती पुन्हा वापरली, तेव्हा मार्टिन कुटुंब शेती शिकवायला ऑस्ट्रेलियाला निघालं आणि क्वारंटाइनच्या नियमामुळे लॅसी मागे राहिली. तिथे ना कुणी वारलं होतं, ना शेत झेपेनासं झालं होतं. मध्ये आला तो सरकारी नियम. त्या भागांवरचा माझा राग अजून तसाच आहे.