वाटीखालचं टेंगूळ

खो मिळाला की ती उठायची, पण उठण्याआधी क्षणभर हात मांडीवर टेकायची. मैदानाबाहेर बसलेल्या मला ते दिसत होतं. गुडघा दुखतोय हे तिने मात्र पंधरा दिवस कबूल केलं नाही. वय वर्षं बारा, जिल्हा निवड चाचणी तोंडावर आलेली. जानेवारी २०२५मध्ये प्रियांका इंगळेच्या भारतीय महिला संघाने दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक जिंकला, तेव्हापासून माझ्या लेकीच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

"वाढीचं दुखणं आहे, खेळता खेळता जाईल," असं तिचे सर म्हणाले. मी रोज रात्री तेल लावून गुडघा चोळत होते. एकदा वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाशी, बोटांना सुपारीएवढं टेंगूळ लागलं. जरा दाबलं, तर पोर कळवळली.

डॉक्टरांनी नाव सांगितलं: ऑस्गुड-श्लॅटर. मांडीचा मोठा स्नायू वाटीवरून खाली येऊन नडगीला जिथे ओढ देतो, तिथलं हाड या वयात अजून कच्चं, कूर्चेचं असतं. त्यातच उंची भराभर वाढते आणि स्नायू ताठ होतो. खो-खोत उकिडवं बसायचं, झटक्यात उठायचं, वळायचं, सूर मारायचा. दरवेळी ओढ त्याच जागेवर. सरांचं "वाढीचं" अर्धं खरं होतं. "खेळता खेळता जाईल" हे मात्र साफ चूक.

खेळ पूर्ण बंद करायला डॉक्टरांनी सांगितलं नाही. सूर आणि उकिडवं बसणं थांबलं, धावणं निम्म्यावर आलं. सरावानंतर फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटं, शिवाय मांडीचे ताणाचे आणि ताकदीचे व्यायाम. टेंगूळ चोळणं बंद. दुखणं दहापैकी तीनच्या वर गेलं की थांबायचं. सकाळी वाढलेलं वाटलं तर त्या दिवशी सराव आणखी कमी. ती वहीत तारखेपुढे आकडा लिहायची. पहिल्या आठवड्यात सहा, पाच, पुन्हा सहा. दहाव्या आठवड्यात एक.

निवड चाचणी हुकली. त्या दिवशी ती जेवली नाही. मी तिला कुस्तीपटू विनेश फोगाटबद्दल सांगितलं: २०१६ला रिओ ऑलिम्पिकमध्ये गुडघा दुखावून स्ट्रेचरवरून बाहेर गेलेली विनेश २०१८ला आशियाई सुवर्ण घेऊन आली. तिची दुखापत वेगळी, फार मोठी होती. पण थांबावं तिलाही लागलंच.

लेक आता पुन्हा पाटीवर बसते. टेंगूळ आहे, कदाचित कायम राहील, दुखत नाही. पालकांनो, मूल लंगडत असेल, गुडघा सुजला किंवा अडकला असेल, दुखण्याने रात्री झोपमोड होत असेल, तर चाचणीची तारीख बघू नका, आधी डॉक्टरांकडे न्या.