गुरगुट्या भात

‘रुग्णास हलका व पौष्टिक आहार द्यावा’ हे वाक्य मी आजवर किती वेळा मराठीत उतरविले असेल, याची गणना नाही. आरोग्यविषयक लेख भाषांतरासाठी टेबलावर आला, की अखेरच्या परिच्छेदात ते हटकून असायचे आणि लेखणी न थांबविता मी ते लिहून मोकळा होत असे. हलका म्हणजे काय, पौष्टिक म्हणजे किती, आणि ‘द्यावा’ म्हणजे नेमका कसा, हे प्रश्न मला कधी पडले नाहीत. ते पडले गेल्या हिवाळ्यात, आईच्या मेंदूची शस्त्रक्रिया झाली तेव्हा.

गाठ मेंदूच्या आवरणातून वाढलेली, नाकाच्या मुळाशी. कर्करोगाची नव्हती, एवढाच दिलासा. वेलोरला डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ साली या शल्यशाखेचा देशात पाया घातला; आमच्या दिल्लीच्या आयुर्विज्ञान संस्थेत हा विभाग १९६५ मध्ये सुरू झाला. एके काळी अशा शस्त्रक्रियेतून माणूस वाचला तरी नवल वाटे. आता तो बहुधा वाचतो, घरी येतो, आणि पुढचे काम स्वयंपाकघरावर येऊन पडते.

तिसऱ्या दिवशी आईने पाणी मागितले. ती अर्धवट गुंगीत होती. मी तिची मान जराशी उचलली आणि पेला ओठांना लावला. असा ठसका लागला, की तिचे डोळे पांढरे झाले. परिचारिका धावत आली, तिने आईला उठवून बसविले. चूक सर्वस्वी माझी होती. ‘ताठ बसविल्याशिवाय काही देऊ नका’ हे सकाळीच बजावलेले होते. पाण्याहून हलके ते काय, अशी माझी समजूत! पण मंदावलेल्या घशाला पाणीच सर्वांत अवघड. गिळण्याची क्रिया सुरू होण्याआधीच ते धावत जाऊन श्वासनलिकेत उतरते आणि त्यातून फुप्फुसाचा दाह होऊ शकतो. कित्येकांना तर ठसकाही लागत नाही. मग गिळण्याची तपासणी झाली आणि हुकूम निघाला : दाटसर, एकजीव पदार्थ, लहान चमच्याने, हनुवटी किंचित खाली. ते ऐकताना मला गुरगुट्या भाताची आठवण झाली. लहानपणी तापातून उठल्यावर आई जो घोटून भरवीत असे, तोच.

घरी रामकृष्णपुरमला आलो आणि शेजारधर्म सुरू झाला. कुणी खारी बावलीतून बदाम आणले, कुणी अक्रोड. अक्रोडाचा आकार मेंदूसारखा, म्हणून तो मेंदूला पोषक, हे शास्त्र वर! अक्रोडाशी माझे वैर नाही. पण ज्याला पाणी गिळता येत नाही, त्याच्या तोंडात अक्रोड घालणे म्हणजे संकटाला आमंत्रण. आहारतज्ज्ञ बाईंनी मेंदूचे नावही काढले नाही. त्यांनी विचारले, ‘वजन किती?’ बावन्न किलो. जखम भरायची, तर किलोमागे साधारण सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिने. म्हणजे दिवसाला पासष्ट ते अठ्ठ्याहत्तर ग्रॅम. आईचे वरण, भात, ताक मांडून पाहिले; बेरीज निम्म्यावर अडली. अंडे ती शिवणार नाही. मग दह्याचा चक्का करू लागलो, साखरेविना. कारण सूज उतरविणाऱ्या डेक्सामेथासोनने तिची रक्तातील साखर चढली होती. पनीर कुस्करून वरणात मिसळू लागलो. भातावर मेतकूट, म्हणजे भाजलेल्या डाळीच. पालक शिजवून घोटला, पपई दिली. शौचाला कुंथणे या रुग्णांना वर्ज्य, डोक्यातील दाब वाढतो. पाणी भरपूर पाजा, असे फोनवर सांगणारेही होते. परंतु अशा शस्त्रक्रियेनंतर रक्तातील सोडियम उतरू शकते, म्हणून पाण्यामिठाचे माप मी डॉक्टरांकडेच ठेवले.

हिशेब जमला, पण आई जेवेना. वजन चार किलोंनी उतरले. एके दिवशी तिने ताट सारले आणि म्हणाली, ‘अरे, मेतकुटाला वासच नाही.’ वास होता. गाठीबरोबर तिचे घ्राणज्ञान गेले होते. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा वाटा नाकाचा. मी पाऊण महिना ग्रॅम मोजीत होतो आणि ती जणू ओला कागद खात होती. आंबट, खारट, गोड, कडू एवढे जिभेने राखले होते. म्हणून भातावर लिंबू आले, वरणात आमसूल आले, आणि घसा सुधारल्यावर भाजलेला पापड आला. त्याचा कुरकुर आवाज तिला फार आवडला.

आता ती स्वयंपाकघरात येऊन बसते. गॅस गळला तर कळणार नाही, म्हणून शेगडीपाशी तिला एकटी ठेवीत नाही. परवा मी फोडणी करीत होतो. मोहरी तडतडली तशी तिने मान वर केली.

‘हिंग घातलास?’

‘घातला.’

‘वास सुटला का रे?’

‘सुटला आई. खमंग.’

‘मग वाढ,’ ती म्हणाली आणि पाट ओढून बसली.