जुना विस्तार

माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुलीने मध्यंतरी विचारलं, "सर, ईमॅक्स आता लिस्पचा थेट मशीन कोड करतो. मग तुम्ही अजून बाइटकोडच्या मागे का?" प्रश्न रास्त होता. २०२२ साली ईमॅक्स या एडिटरच्या २८व्या आवृत्तीत आंद्रेआ कोराल्लो यांचं नेटिव्ह कंपायलेशन आलं आणि आम्हा जुन्यांच्या बऱ्याच सवयी बदलल्या. पण तेही बाइट-कंपायलरने काढून दिलेल्या स्टॅकच्या सूचनांवरच उभं आहे. तिथे चुकलेलं पुढे फक्त वेगाने चुकतं.

माझं घोडं अडतं ते मॅक्रोपाशी. मॅक्रो एका फाइलीत, वापर इतर अनेक फाइलींत. कंपाइल होताना त्याचा विस्तार त्या प्रत्येकीच्या ईएलसीत, म्हणजे कंपाइल झालेल्या फाइलीत, कायमचा बसतो. पुढे मॅक्रो बदलला, तरी वापरणाऱ्या फाइलींची एक ओळही बदललेली नसते. बाइट-रीकंपाइल-डिरेक्टरी ही कमांड फक्त मूळ फाइल आणि तिची ईएलसी यांच्या वेळा ताडते आणि पुढे जाते. लोड-प्रिफर-न्यूअर हे सेटिंगही तेवढंच बघतं. एररही येत नाही.

त्या मुलीला बाइटकोड डिसअसेंबल करून दाखवला. मॅक्रोत मुदत ३०ची ६० केलेली. वापरणाऱ्या फंक्शनच्या बाइटकोडात मॅक्रोचं नावही नाही, कॉन्स्टंट मात्र ३०. ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिली.

सगळ्या ईएलसी पुसून नव्याने कंपाइल करणं हा खात्रीचा मार्ग. ईमॅक्सच्या स्वतःच्या सोर्समध्येही त्यासाठी मेक बूटस्ट्रॅप आहे. पण मला तो हार मानल्यासारखा वाटतो. म्हणून मी मॅक्रोत एका फंक्शनचा कॉल तेवढा ठेवतो आणि खरं काम त्या फंक्शनकडे देतो. तरीही त्या फंक्शनच्या आर्ग्युमेंटांचा क्रम बदलला, की पुन्हा तेच.

इथे तर वॉर्निंगही येत नाही; पण जिथे येते तिथे हल्ली विथ-नो-वॉर्निंग्ज गुंडाळून मोकळं होण्याची पद्धत पडली आहे. मला तिचा मनापासून राग येतो. जेमी झवीन्स्की आणि हालव्हार्ड फुरुसेथ यांनी लिहिलेली बाइट-ऑप्ट ही फाइल एकदा तरी वाचावी. कंपायलर आपला कोड किती बारकाईने वाचतो, ते कळतं. माझ्या पॅकेजांचा कंपाइल-लॉग कोरा असतो, आणि तो लोकांनी बघावा असं मला वाटतं. हा गर्वच आहे, पण तो सोडायची इच्छा नाही.

ती मुलगी आता रिक्वायरच्या ओळींवरून कोणती फाइल कोणावर अवलंबून आहे याची यादी काढणारी स्क्रिप्ट लिहिते आहे. मॅक्रोच्या विस्तारातून तिसऱ्याच फाइलीतला मॅक्रो निघतो, तिथे आम्ही दोघंही सध्या अडलो आहोत.