दोघांची साक्ष

आमचें घर जुन्नरचें. माडीच्या खिडकींतून शिवनेरी दिसतो, आणि घरांत आजही दोन्ही वेळां पंगत एकत्र बसते. अशा भरल्या घरांत कांहीं गोष्टी दहादां बोलल्या जातात व कांहीं मुळींच बोलल्या जात नाहींत. आज जें लिहीत आहें तें दुसऱ्या प्रकारांतलें. परंतु ज्यांच्या घरीं वयांत आलेलीं मुलें आहेत त्यांस त्याचा उपयोग होईल असें वाटल्यावरून, थोडा संकोच बाजूस ठेवून, लिहावयास बसलें आहें.

पंधरा वर्षांमागची गोष्ट. माझ्या थोरल्या जाऊबाईंचा मुलगा व घोडेगांवच्या वन्संचा मुलगा, असे दोघे पुण्यास एकाच खोलींत राहून महाविद्यालयांत शिकत होते. दोघांचीही विशी उलटावयाची होती. प्रथम गांजा, मग गोळ्या, मग घरांतल्या वस्तु नाहींशा होणें, असा तो क्रम होता. जाऊबाईंच्या पाटल्या गेल्या तेव्हां कुठें आमचे डोळे उघडले.

पुण्यांत चांगली सोय नव्हती असें नाहीं. डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनीं पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्यानें १९८६ सालीं येरवड्यास मुक्तांगण सुरू केलें, हें आमच्या घरीं सर्वांस ठाऊक होतें. व्यसनी माणूस हा गुन्हेगार नसून रोगी आहे, या समजुतीवर त्या कामाची उभारणी झालेली. जुन्नरहून तें एस्. टी.नें तीन तासांच्या वाटेवर. तरी आम्ही तिकडे गेलों नाहीं. कारण एकच: तेथें कोणी ओळखीचें भेटलें तर! म्हणून दूरच्या जिल्ह्यांतली एक जागा शोधली. 'तीन महिने भेट नाहीं, पत्र नाहीं. मुलगा आमचा' अशी तेथली अट होती, आणि खरें सांगावयाचें तर त्या अटीनेंच आमच्या मनाला धीर आला. कोणास कांहीं कळणार नव्हतें.

वैशाखांतल्या एका पहाटेस चार माणसें जीप घेऊन आलीं. दिंडीदरवाज्याची कडी मींच काढली. भावजी त्यांच्याशीं बोलत उभे होते, म्हणून मीं त्यांस चहा करून दिला. मग ते माडीवर गेले. मुलास झोपेंतून उठवून खालीं आणलें तेव्हां उंबऱ्यापाशीं त्यानें माझा पदर घट्ट धरला व म्हणाला, "काकू, तूं तरी यांना सांग ना." मीं त्याची बोटें एक एक करून सोडविलीं. भाच्यास त्याच दिवशीं घोडेगांवाहून नेलें.

दोघे आठ महिन्यांनीं परत आले. दोघांचेंही व्यसन सुटलें होतें, आणि आम्हीं सत्यनारायण केला.

आंत काय घडलें तें पुढें हळूहळू कळलें. गेल्या दिवशींच डोकें भादरलें जाई. पहाटेपासून रात्रीपर्यंत भिंतीकडे तोंड करून बसावयाचें. बोललें तर पट्टा. सायंकाळीं सर्वांसमोर उभें राहून आपलीं पापें सांगावयाचीं. थोडीं सांगितलीं तर तो खोटारडा ठरे, म्हणून न केलेलींही सांगावीं लागत. जो पुष्कळ सांगे व दुसऱ्यांच्या चहाड्या करी, तो वर चढे. त्याच्या हातीं किल्ल्या येत.

भाच्याचें आज मंचरला शेतीच्या अवजारांचें दुकान आहे. संसार नीट चालला आहे. पुतण्या पुण्यास नोकरी करतो. परंतु दिवा मालवून त्याला झोंप येत नाहीं, व खोलीचें दार तो कधीं लावीत नाहीं.

दोन वर्षांमागें गौरीजेवणाच्या दिवशीं कोणा शेजाऱ्याच्या मुलाचा विषय निघाला. भाचा म्हणाला, "मामी, त्यांना तीच जागा सांगा. त्या मारानें मी माणसांत आलों. नाहींतर आज माझा फोटो भिंतीवर असता." भावजींनीं मान डोलाविली. तोंच पुतण्या ताटावरून उठला व म्हणाला, "तुझा फोटो भिंतीवर लागला नाहीं, हें खरें. पण तिथें माझे हात मागें कोण धरीत होतें, तेंही सांग."

भाच्याचा हात ताटांतच थांबला. बऱ्याच वेळानें तो म्हणाला, "मी धरले नसते, तर माझे कोणीतरी धरले असते."

त्या दिवसापासून घरांत दोन तट पडले. एक म्हणे, थोरला खोटें बोलतो, नाजूक आहे. दुसरा म्हणे, धाकटा निर्दय आहे. मला कोणताच तट पटेना. तशांत मुलीनें मैया सालाव्हिट्झ या अमेरिकन लेखिकेचें २००६ सालचें एक पुस्तक मजकडे पाठविलें, आणि आमच्या पंगतींतलें भांडण सातासमुद्रांपलीकडे कधींच होऊन गेलें आहे असें मला आढळलें.

अमेरिकेंत १९५८ सालीं सिनॅनॉन नांवाची व्यसनी लोकांची एक वसाहत निघाली. भर सभेंत एकमेकांवर शब्दांचे आसूड ओढणें हा तेथला उपचार. तोच कित्ता पुढें फ्लॉरिडांत १९७० सालीं 'द सीड' या संस्थेनें कोंवळ्या मुलांसाठीं गिरविला. कोरियाच्या युद्धांत कैद्यांची मनें वळविण्यास जे उपाय योजले गेले त्यांशीं या उपचाराचें साम्य आहे, असें तेथील सेनेटच्या एका समितीच्या अहवालांत १९७४ सालीं छापलें गेलें. तरी १९७६ सालीं त्याच धर्तीवर 'स्ट्रेट' ही संस्था निघालीच. नवीन मुलास जुन्या मुलानें कमरेच्या पट्ट्याशीं धरून चालवावयाचें व रात्रीं त्याच्याच घरीं कुलुपांत निजवावयाचें, अशी तेथली रीत. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी नॅन्सी रेगन यांनीं तिची वाखाणणी केली. १९८५ सालीं राजकन्या डायना यांसही त्यांनीं ती संस्था दाखविली. उलट १९८३ सालींच, भावास भेटावयास गेलेल्या एका विद्यार्थ्यास तेथें डांबून ठेवल्याबद्दल पंचांनीं त्याला २,२०,००० डॉलर देवविले होते. १९९३ सालीं ती संस्था बंद पडली.

बंद पडली, पण वाद मिटला नाहीं. तेथून बाहेर पडलेल्यांपैकीं कांहीं आजही म्हणतात, तिनें आम्हांस जगविलें. कांहीं म्हणतात, तिनें आम्हांस मोडलें. हें वाचतांना माझ्या डोळ्यांपुढें दोन्हीं मुलें उभीं राहिलीं.

मला उमजलें तें असें. भाचा खोटें बोलत नाहीं. तो जगला आहे. परंतु तो मारामुळेंच जगला कीं मार खाऊनही जगला, हें त्यालाही सांगतां यावयाचें नाहीं. आणि त्याच्या कृतज्ञतेनें दुसऱ्याच्या पाठीवरचे वळ पुसले जात नाहींत. शिवाय त्याच्या हातीं किल्ल्या आल्या होत्या. ती जागा वाईट होती असें त्यानें कबूल केलें, तर त्याला आपल्या हातांकडे पाहावें लागेल. भावजींस आपल्या निवडीकडे पाहावें लागेल. आणि मला त्या पहाटेच्या कडीकडे. 'मारानें मुलगा सुधारला' हें वाक्य आम्हांस इतकें प्रिय कां, याचें उत्तर त्यांत आहे.

वाचकांस दोन शब्द. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८ पासून अंमलांत आहे, व दारू आणि अंमली पदार्थ यांपायीं जडलेले मनाचे विकार त्याच्या कक्षेंत येतात. तो उपचारगृहांस नोंदणी सक्तीची करतो. रुग्णास साखळीनें बांधतां येत नाहीं, सक्तीनें डोकें भादरतां येत नाहीं, एकांतांत कोंडतां येत नाहीं. भेट व दूरध्वनी हे त्याचे हक्क आहेत. अठरांच्या आंतलें मूल असेल तर आईबापांनीं किंवा त्यांनीं नेमलेल्या माणसानें सर्व काळ त्याच्याजवळ राहावयाचें, व संस्थेनें मंडळास ७२ तासांच्या आंत वर्दी द्यावयाची. आमच्या वेळीं हा कायदा नव्हता. परंतु जेथें आईला मुलाचें तोंड पाहूं देत नाहींत, तेथें मुलास ठेवूं नये, हें समजावयास कायद्याची गरज नव्हती.

गेल्या दिवाळींत पुतण्या एकटा ओटीवर बसला होता. मी जवळ जाऊन बसलें व म्हणालें, "त्या दिवशीं दार मीं उघडलें होतें रे."

तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, "मला ठाऊक आहे, काकू. कपबश्यांचा आवाज वर ऐकूं येत होता. मला वाटलें, पाहुणे आले आहेत."