मोन्रोव्हियातले दोन गुरुवार

रॉबर्ट्सफील्ड विमानतळ रबराच्या अफाट मळ्यांना लागून आहे. तिथून मोन्रोव्हियाच्या वाटेला लागले की नावेच इतिहास सांगू लागतात. विमानतळ लायबेरियाचे पहिले अध्यक्ष जोसेफ जेन्किन्स रॉबर्ट्स यांच्या नावाचा, आणि त्यांचा जन्म अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचा. राजधानी अमेरिकी अध्यक्ष मन्रो यांच्या नावाची. शहरात मेसुराडो नदीच्या पात्रात प्रॉव्हिडन्स बेट आहे. अमेरिकेतले मुक्त कृष्णवर्णीय १८२२ मध्ये तिथे उतरले. त्यांच्यामागोमाग चर्च आले, व्हरांड्याची घरे आली, थँक्सगिव्हिंगचा सणही आला. लायबेरियात तो नोव्हेंबरच्या पहिल्या गुरुवारी असतो, अमेरिकेत चौथ्या. पीस कोअरचे अमेरिकी स्वयंसेवक १९६२ पासून, मधले खंड सोडता, इथे शिकवायला येतात. गावाचा सण होऊन गेल्यावर तीन आठवड्यांनी त्यांनी आपला वेगळा मांडावा का? मांडावा, असे माझे ठाम मत आहे.

सेवेला आलेल्याने गावासारखे राहावे, आपला सण काढला की चार देशबांधव दार लावून बसतात, असे म्हणणारे असतात. पण १९६१ च्या पीस कोअर कायद्यानेच यजमान देशाला अमेरिकी माणूस नीट कळावा, हे एक उद्दिष्ट ठरवले आहे. आपले घर कधी दाखवतच नाही, तो माणूस कळणार कसा? दार लागत असेल तर ते उघडावे. सण कशाला टाकायचा?

दुसरा आक्षेप जड आहे, आणि तो लायबेरियाच्या मातीतलाच आहे: बाहेरून आणलेला सण म्हणजे राज्य करायला आलेल्यांचा सण. अमेरिकेतून आलेल्या त्या वसाहतकऱ्यांच्या जेमतेम पाच टक्के असलेल्या वंशजांनी १९८० पर्यंत देश चालवला. राजमुद्रेवरचे ब्रीद आजही सांगते की स्वातंत्र्याच्या ओढीने आम्ही इथे आलो. जे कुठून आलेच नाहीत, त्या क्पेले, बासा, ग्रेबो लोकांना या ‘आम्ही’त जागा कुठली? १८२२ च्या लढाईत मटिल्डा न्यूपोर्ट नावाच्या बाईने तोफ डागून स्थानिकांना पिटाळले, अशी आख्यायिका आहे. तिच्या नावाने १ डिसेंबरला राष्ट्रीय सुट्टी असे. म्हणजे मुलांनी आपल्याच पूर्वजांची हार साजरी करायची! १९८० च्या लष्करी उठावानंतर ती सुट्टी रद्द झाली. थँक्सगिव्हिंग मात्र राहिला. माझ्या मते याचे कारण चर्चमधल्या टोपल्यांत आहे: पपई, आंबे, शेतातला भाजीपाला लोक वेदीपाशी आणून ठेवतात, आणि प्रार्थनेनंतर त्यांचा लिलाव होतो. सण परका होता, टोपलीतले पीक इथले होते. तेव्हा आक्षेप खरा आहे, पण तो दुसऱ्याच्या पराभवावर उभ्या केलेल्या सणाला लागू पडतो. स्वयंसेवकाने तो विसरू नये. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी अमेरिकेतल्या प्लिमथमध्येही मूलनिवासी १९७० पासून शोकदिन पाळतात, हेही पानावर बसलेल्या शेजाऱ्यांना सांगावे.

आणि पान इथलेच मांडावे. टर्कीऐवजी कोंबडी, बटाट्याऐवजी कुस्करलेला कसावा, वर झणझणीत मिरची. कसावा आणि मिरची दोन्ही मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज जहाजांतून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आली आणि कुणावरही राज्य न करता इथल्या चुलीवर रुजली. त्याशेजारी भात हवाच. १९७९ च्या एप्रिलमध्ये तांदळाचा भाव वाढवण्याच्या बेतावरून मोन्रोव्हियात लोक रस्त्यावर उतरले, गोळीबारात माणसे मेली, आणि वर्षभरात सरकार पडले. इथे भात पोटात गेला नाही, तर माणूस जेवलो असे म्हणत नाही.